सात कागदांची जुडी

सकाळपासून बाइंडरबाईचं बूड एका जागी टेकत नव्हतं. टेबलावर कचेरीचं रजिस्टर पडलं होतं, युद्धात मेलेल्यांच्या यादीचं. पाठ निखळलेली, दोरा कुजलेला. चार वाजता कारकून ते न्यायला येणार होता. चौकात शिळा बसायची होती, आणि तिच्यावर कोणाची नावं कोरायची ते याच रजिस्टरवरून ठरणार होतं. जे लढताना गेले त्यांचीच नावं, बाकीच्यांची नाहीत.

तिला त्या शिळेवर काकाचं नाव हवं होतं. काका म्हणजे वडिलांचा थोरला भाऊ. दुकानाच्या भिंतीवर त्याचा फोटो होता आणि त्या फोटोखालीच ती लहानाची मोठी झाली होती. एका सोबत्यानं काका गेल्याचा निरोप तोंडी आणला होता, तेवढ्यावर तिची आजी जन्मभर सांगत आली, "आमचा थोरला छातीवर गोळी झेलून गेला." समोरच्या इस्त्रीवालीला तर मुद्दाम ऐकवायची. इस्त्रीवालीचा नवरा लग्नानंतर महिन्याभरात त्याच युद्धावर गेला, तो परतला नाही आणि यादीतही सापडला नाही. म्हणजे पळाला आणि कुठेतरी दुसरा संसार थाटून बसला, असं गल्लीनं परस्पर ठरवून टाकलं. आजी खिडकीतून विचारायची, "काय गं, नवऱ्याच्या शर्टाला इस्त्री करून ठेवलीस ना? आज यायचाय हो तो!" सगळी गल्ली खो खो हसायची. लहानपणी बाइंडरबाईही हसली होती. आता ते आठवलं की तिला स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटे.

तिनं रजिस्टर दोनदा चाळलं. नोंदी जशी बातमी येईल तशा लिहिलेल्या, पानांना आकडे नाहीत. काका कुठेच नव्हता.

शेवटी तिनं शिवण उसवायला घेतली. मधोमध दुमडला की एका कागदाची दोन पानं; असे आठ कागद एकात एक घालून एक जुडी, अशा जुड्या शिवून रजिस्टर होतं. उसवताना कागद मोजायचे, ही तिच्या वडिलांनी लावलेली सवय. नववी जुडी सातच कागदांची निघाली. तिनं पुन्हा मोजले. सातच. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला त्यांच्याच दुकानाची चिठ्ठी होती, वडिलांच्या अक्षरात, चाळीस वर्षांपूर्वीची तारीख घातलेली.

वडील आतल्या खोलीत पलंगावर होते. सकाळपासून त्यांनी तीनदा विचारलं होतं, "कुठलं रजिस्टर आलंय गं?"

"बाबा, नवव्या जुडीत सातच कागद आहेत."

"कमी आले असतील."

"आणि तुम्ही तसेच शिवलेत? तुम्ही? काम परत पाठवलं असतंत."

म्हातारा कूस बदलून भिंतीकडे वळला. मग म्हणाला, "जुन्या दाबाखाली बघ."

कोपऱ्यातल्या लोखंडी दाबयंत्राला कित्येक वर्षांत कोणी हात लावला नव्हता. तिनं जोर लावून चाक फिरवलं. दोन फळ्यांमध्ये एकच कागद होता, मधल्या घडीशिवाय एक सुरकुती नाही. डाव्या पानावर तिसरी नोंद काकाची. कुणा कारकुनाच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'जागा सोडून पळताना आपल्याच सैन्याच्या गोळीने मृत.'

"यादी सुटी आली होती, शिवायला," वडील म्हणाले. "गावात सगळ्यांत आधी माझ्याच हातात पडली. आई म्हणत होती, शिवून झाली की कचेरीत जाऊन चारचौघांत वाचून घेणार. मी काय करायला हवं होतं, सांग."

"मग तेवढं एक पान काढायचं!"

"अर्धा कागद शिवणीत धरतो का? उरलेलं पान खळीनं चिकटवावं लागलं असतं. असली चिकटवाचिकटवी मी जन्मात केली नाही." त्यांच्या आवाजात अजूनही अभिमान होता, तो ऐकून तिचं डोकंच फिरलं. "आई गेल्यावर लावणारच होतो. पण रजिस्टर परत आलं कुठे?"

"उजव्या पानावर कोण आहे, वाचलंत कधी?"

"नाही."

तिनं वाचलं. अकरा नावं होती. सातवं इस्त्रीवालीच्या नवऱ्याचं. 'जखमी सोबत्यास उचलून आणताना शत्रूच्या गोळीने मृत.'

वडिलांनी चष्मा मागून घेतला. ओळीवर बोट ठेवून वाचलं, आणि बोट तिथेच राहिलं.

"उजवं पान तेवढं चिकटव," ते हळूच म्हणाले. "डावं राहू दे. थोरल्याचं नाव शिळेवर नाही तर नाही. पण निदान अब्रू तरी राहील."

तीन वाजले होते. तिनं खरंच पट्टी ठेवली, सुरी घेतली. पाच मिनिटांचं काम, कारकुनाला पत्ताही लागला नसता. मग ती फोटोसमोर जाऊन उभी राहिली. आधी काकाचा राग आला, भयंकर राग. मग त्याची कीव आली. एकवीस वर्षांचं पोर, घाबरून घराकडे निघालं होतं. त्याच्यावर छातीवरची गोळी लादली ती घरच्यांनीच. तिनं सुरी खाली टाकली, अख्खा कागद उचलला आणि रस्ता ओलांडला.

"मावशी, ती इस्त्री जरा बाजूला ठेवा."

तिनं सातवी नोंद वाचली. इस्त्रीवालीनं ती दोनदा वाचून घेतली. रडली नाही. इस्त्री उभी करून ठेवली, टेबलाची कड घट्ट धरली.

"कुणाकडे होता हा कागद?"

"आमच्याकडे. बाबांनी काढून ठेवला होता."

म्हातारीनं टेबलाची कड सोडली. बाइंडरबाईला वाटलं, आता शिव्या घालेल, आणि घातल्या तर बरंच होईल.

"चाळीस वर्षं मी तुमच्या घरच्या चादरींना इस्त्री केली," म्हातारी म्हणाली. "आता तू माझं एक काम कर. बाहेर पायरीवर उभी राहा आणि गल्लीला ऐकू जाईल असं वाच. मी सांगून कुणाला खरं वाटायचं नाही."

"फक्त सातवं?"

"सगळं. पहिल्या ओळीपासून. मधूनच वाचलंस तर म्हणतील, हिनं रचून आणलं."

बाइंडरबाई पायरीवर उभी राहिली. तिनं डाव्या पानावरचं पहिलं नाव वाचलं, तशी वरची एक खिडकी उघडली. दुसऱ्या नावाला आणखी दोन उघडल्या. समोर दुकानाच्या दारात वडील चौकट धरून उभे होते, पलंगावरून कसे उठले कोण जाणे. तिसऱ्या ओळीवर तिनं बोट ठेवलं. मग तिनं काकाचं नाव घेतलं आणि पुढचं सगळं, शेवटच्या शब्दापर्यंत, त्याच आवाजात वाचलं.