चार ओळींची कॉपी

२००२ साली दीपमाला यवतमाळहून पुण्याला आली आणि बिबवेवाडीतल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत लागली. रक्त तपासणाऱ्या यंत्रांसाठी लायब्ररी, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमना वापरता येईल असा तयार कोड, लिहायचं काम तिच्याकडे आलं. लॅबचं अ‍ॅप्लिकेशन पेशंटचं नाव मेमरीच्या एका तुकड्यात, म्हणजे बफरमध्ये, भरून लायब्ररीच्या हवाली करायचं. यंत्राकडून आकडे आले की लायब्ररी ते त्या नावाला जोडायची. पण मधल्या वेळात अ‍ॅप्लिकेशननं त्याच बफरमध्ये पुढचं नाव भरलं तर? म्हणून दीपमालाची लायब्ररी नाव हाती येताच त्याची कॉपी करून ठेवायची. चार ओळींचं काम.

तिचे साहेब गोपाळकृष्ण दाते यांनी त्या ओळींवर बोट ठेवलं.

"कॉप्या कशाला? लग्नपत्रिका वाटायच्या आहेत का? वेग कमी होतो. त्यांचा बफर त्यांनी सांभाळावा. तसं मॅन्युअलमध्ये लिहा."

"मॅन्युअल कुणी वाचत नाही, सर."

"मग तो त्यांचा प्रश्न."

नोकरी अजून पक्की झाली नव्हती. तिनं ओळी काढल्या.

दीड वर्षानं एका लॅबची तक्रार आली. मांजरी गावच्या महिपती नावाच्या माणसाचा किडनीचा रिपोर्ट उत्तम आला होता आणि तीन आठवड्यांत तो गेला होता. दीपमालानं दोन दिवस नोंदी तपासल्या. आधीच्या पेशंटचे आकडे यायच्या आतच अ‍ॅप्लिकेशननं बफरमध्ये महिपतीचं नाव भरलं होतं. चांगले आकडे दुसऱ्याचे होते.

दात्यांनी स्क्रीनवरच्या नोंदी बघितल्या. मग म्हणाले, "मॅन्युअलमध्ये लिहिलंय ना? झालं तर."

रविवारी ती मांजरीला गेली. महिपतीच्या बायकोनं, मालनबाईंनी, तिला पाणी दिलं आणि ट्रंकेतून रिपोर्ट काढून दाखवला.

"ह्यो बघा, चांगला हाय. डाक्टर म्हनले, काळजी नाय. मी त्यास्नी म्हनायची, उगं कन्हू नका, उठा."

"मावशी, तो रिपोर्ट त्यांचा नव्हता. चूक आमची झाली."

मालनबाईंनी कागदावरच्या नावावरून बोट फिरवलं. "पन नाव तर त्यांचंच हाय की."

मालनबाईंनी कागद पुन्हा घडी घालून ठेवून दिला.

नव्या आवृत्तीत कॉपी परत आली. जुनी लायब्ररी मात्र सोळा लॅबमध्ये चालू होती, आणि त्यांना कळवणं म्हणजे चूक कबूल करणं, असं कंपनीनं ठरवलं. दीपमालानं राजीनामा दिला आणि विश्रांतवाडीतल्या खोलीजवळच्या पीसीओवरून एकेका लॅबला स्वतः फोन लावले. काहींनी लेखी मागितलं, काहींनी कंपनीशी बोला म्हणून सांगितलं. शेवटच्या लॅबमधल्या बाईंनी मात्र सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"आमच्याकडे अजून एकही तक्रार नाही, मॅडम," त्या म्हणाल्या. "रोज दीडशे रिपोर्ट जातात."