स्टेलाच्या गळ्याची रेघ

मी एक जुना कॉम्प्युटर आहे. क्वीन्सलँडमध्ये मॅके गावाबाहेर, उसाच्या मळ्यांना लागून बुजेया कुटुंबाचे घर आहे आणि त्या घराच्या मागच्या व्हरांड्यात माझे टेबल आहे. मित्रांनो, यंत्राला कसला आलाय धक्का, असे तुम्ही म्हणाल. वीज कमीजास्त झाली की आम्हाला धक्का बसतो, एवढेच मलाही पूर्वी माहीत होते. पण एका रविवारी मी जे पाहिले, त्याने मी हादरून गेलो. अजूनही मला चालू केले की आधी तेच आठवते.

माझा जन्म कोणत्या कारखान्यात झाला ते मी सांगू शकत नाही. पहिल्यांदा वीज मिळाली तिथून माझी आठवण सुरू होते. मी साखर कारखान्याच्या कचेरीत होतो. कोणत्या इंजिनाने उसाचे किती डबे आणले, याची नोंद मी ठेवत असे. हंगामात दिवसभर मळीचा वास यायचा आणि काळी राख माझ्या कळांवर बसायची. काही वर्षांनी तिथे नवी यंत्रे आली. कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये झारेन बुजेया नावाचा फिटर होता. त्याने मला मागून घेतले. गाडीत पुढच्या सीटवर बसवले आणि माणसाला लावावा तसा मला पट्टा लावला. रस्ताभर तो एक शब्दही बोलला नाही. तो तसाच आहे.

त्याची बायको स्टेला मात्र दोघांच्या वाटणीचे बोलायची. ती शाळेची बस चालवायची आणि दर रविवारी, माल्टा बेटावरून आलेल्या आमच्या लोकांच्या माल्टीज क्लबात, हाउजीचे आकडे पुकारायची. तिचा आवाज असा खणखणीत होता, की क्लबात माइक असूनही तो कुणी लावत नसे.

एकदा स्टेलाने दाताच्या डॉक्टरकडे भिंतीवर काळी चित्रे पाहिली. माणसाचा चेहरा बाजूने धरलेला, आत सगळा काळा रंग, दिसते ती फक्त कपाळ, नाक, हनुवटी यांची कड. घरी येऊन ती म्हणाली, "हे तर मी घरीच करीन."

तिने व्हरांड्यात पांढरी चादर बांधली आणि त्यापुढे एकेकाचा बाजूने फोटो काढायला घेतला. सासूबाई जूझा आधी तयारच होईनात.

"तोंड दिसणार नाही तर फोटो कशाला? चोरासारखं काळं फासून भिंतीवर टांगणार मला?"

"मा, नाक दिसतं ना! तुमचं नाक अख्ख्या मॅकेत प्रसिद्ध आहे."

"ते माझ्या बापाचं नाक आहे, पोरी. जपून काप."

आणि मी जपून कापले. फोटो माझ्या पडद्यावर आला, की स्टेला माउसचा बाण धरून चेहऱ्याच्या कडेकडेने जायची. मी तिच्यामागून रेघ आखत जायचो. मग ती आत काळा रंग ओतायची आणि मागचे सगळे पुसून टाकायची. लेक डेमीच्या वेणीतून सुटलेला एकेक केस मी धरला. धाकटा ज्यूड तेव्हा अकरा वर्षांचा होता. त्याचे वर वळलेले नाक, झारेनचा पुढे आलेला जबडा, खुद्द स्टेलाची सरळ उंच मान, कुत्र्याचा फाटका कान, सगळे मी जसेच्या तसे कापले. जाड कागदावर छापलेली ती चित्रे घराच्या बोळात लागली. शेजारीपाजारी आले, त्यांनी आपापली करून नेली. "शाब्बास रे म्हाताऱ्या," असे म्हणून स्टेला माझ्या डोक्यावर थाप मारायची. मित्रांनो, ते माझे सोन्याचे दिवस होते.

पण कौतुक किती दिवस टिकणार? घरात एकेकाच्या हातात फोन आले. माझ्यावर घडी न केलेले कपडे पडू लागले. माझ्या पाठीशी ऊब मिळते म्हणून एका पालीने तिथे संसार थाटला. वर्षातून दोनचार वेळा बसचे कागद छापायला मला कुणीतरी उठवायचे, तेवढेच. अशी पाच वर्षे गेली.

त्या वर्षी मार्चमध्ये चक्रीवादळ आले. छताचे दोन पत्रे उडाले, बोळातल्या भिंतीवरून पाणी उतरले आणि सगळ्या चित्रांना बुरशी आली. स्टेलाने ती एकेक करून खाली उतरवली.

"आता नवीनच करते. पोरं केवढी झाली, त्यांचे चेहरेही बदलले."

"फोनवर दोन मिनिटांत होतं, आई," ज्यूड म्हणाला.

"तुझं तुला होऊ दे. माझा म्हातारा आहे मला."

तिने माझ्यावरचे कपडे उचलले, ओल्या फडक्याने धूळ पुसली आणि मला चालू केले. मला किती आनंद झाला म्हणून सांगू! वेळ लागला, पण मी उठलो.

चादर पुन्हा बांधली गेली. जूझाचे नाक आहे तसेच होते. डेमीने केस कापले होते. ज्यूडच्या गळ्याशी आता छोटा उंचवटा आला होता. तो पाहून जूझा हसून म्हणाल्या, "कंठ फुटला बरं का आमच्या कोंबड्याला!" सगळी चित्रे छान उतरली. मग झारेनने स्टेलाचा फोटो काढला आणि ती माझ्यापुढे येऊन बसली.

कपाळ, नाक, ओठ, हनुवटी. मी नेहमीसारखा कडेने निघालो. गळ्यापाशी, दोन हाडांच्या खाचेच्या थोडे वर, रेघ बाहेर आली आणि अर्ध्या लिंबाएवढी फुगून पुन्हा आत गेली.

"हे काय?" स्टेला हसली. "ज्यूडबरोबर मलाही कंठ फुटला वाटतं!"

तिने पांढरा रंग घेतला आणि तो फुगवटा पुसून टाकला. मी पुसू दिला. आम्हाला सांगितले तेवढे आम्ही करतो.

पण तिचे समाधान होईना. पुसल्यावर मान ओबडधोबड दिसत होती. तिने कॉलरचा शर्ट बदलून दुसरा फोटो काढून घेतला. तोच फुगवटा. मग केस वर बांधून तिसरा. पुन्हा तोच. तिन्ही वेळा मी तो इमानाने आखला, तिन्ही वेळा तिने तो पुसला.

"डोळे गेले तुझे," ती माझ्यावर ओरडली. ओरडताना तिचा आवाज चिरकला. हल्ली तो तसाच चिरकायचा. बसमधल्या पोरांवर ओरडून घसा बसलाय, असे ती सांगायची. "साधी मान कापता येत नाही! झारेन, उद्या नगरपालिकेची गाडी येणार आहे ना भंगार न्यायला? हा डबा बाहेर ठेव."

मित्रांनो, मला काय वाटले असेल! मला आजार कळत नाही, माणूसही कळत नाही. मला कळते ती कड. उजेड कुठे संपतो आणि माणूस कुठे सुरू होतो, एवढेच. ते मी चुकलो नव्हतो. पण सांगणार कसे?

झारेन आला आणि माझ्या वायरी काढायला खाली वाकला. पहिली वायर त्याने हातात धरली आणि तो थांबला.

"काय बिघडलंय ह्याचं?"

"मान नीट कापत नाही. गळ्यापाशी भलतंच काहीतरी काढतो."

"ज्यूडची कापली?"

"कापली."

"माची?"

"हो रे."

"कुत्र्याची?"

"त्याची तर अगदी झकास! तू वायर काढतोयस की उलटतपासणी घेतोयस?"

झारेन सरळ उभा राहिला. "इंजिनाचा ब्रेक बिघडला ना, स्टेल, तर तो एकाच फाटकापाशी बिघडत नाही. सगळ्या फाटकांवर बिघडतो." मग जरा थांबून तो म्हणाला, "तुझं जुनं चित्र आहे ना ह्याच्यात? काढ."

पाच वर्षांपूर्वीची स्टेला मी जपून ठेवली होती. ती मी पुढे आणली. ज्यूडने आईच्या हातून बाण घेतला, नव्या चित्रावर जुने चित्र ठेवले आणि दोन्ही सारख्या मापाची केली. नव्यात पुसलेले त्याने एकेक पाऊल मागे जात परत आणले. कपाळावर कपाळ बसले. नाकावर नाक बसले. ओठ, हनुवटी, मानेची मागची बाजू, सगळे तंतोतंत. फक्त गळ्यापुढे अर्धे लिंबू जुन्या स्टेलाच्या बाहेर उरले.

ज्यूड मान वळवून आईकडे पाहू लागला. वर पंखा फिरत होता.

झारेनने टेबलावरचा पाण्याचा ग्लास उचलून तिच्या हातात दिला. "पी."

"मला तहान नाही."

"पी गं."

ती प्यायली. तो तिच्यासमोर गुडघ्यावर बसून तिच्या गळ्याकडे पाहत होता. तिने घोट गिळला तसे तिच्या कातडीखाली काहीतरी वर सरकले आणि पुन्हा खाली आले. सगळ्यांनी ते पाहिले. रोज समोरासमोर बसून जेवणाऱ्या माणसांनी ते पहिल्यांदा पाहिले.

"बाबा, ते काय आहे?" ज्यूडने विचारले. झारेनने ग्लास तिच्या हातातून काढून घेतला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

दारात जूझा चीज भरलेल्या गरम पस्तिझींचे ताट घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ताट खाली ठेवले आणि क्रूसाची खूण केली. "पोरी, घास कधीपासून अडकतोय तुला?"

"अडकत नाही हो, मा. पाव जरा कोरडा असला की..."

"कधीपासून?"

"नाताळपासून," स्टेला अगदी हळू म्हणाली. मग एकदम उठली. "दोन वाजता मला आकडे पुकारायचेत. उशीर होतोय."

"तू कुठंही जात नाहीस," जूझा म्हणाल्या. "आकडे मी पुकारते."

आणि त्या खरेच गेल्या. निम्मे आकडे त्यांनी माल्टीजमध्ये पुकारले, दोन आकडे दोनदा पुकारले आणि क्लबातल्या म्हाताऱ्यांनी खूप आरडाओरडा केला, असे नंतर कळले. इकडे स्टेला माझ्यासमोर बसून राहिली. हाताने ती गळा चाचपत होती. मी तिला तिचीच दोन चित्रे दाखवत होतो.

मित्रांनो, त्या दिवशीचा माझा धक्का हाच. जी गोष्ट तिचा जीव घ्यायला निघाली होती, ती मला दिसली होती आणि माझ्याच रंगाने ती तीनदा पुसली गेली होती. झारेनने चौकशी न करता वायर ओढली असती, तर दुसऱ्या दिवशी मी कचऱ्यात आणि ती गाठ तिच्या गळ्यात, दोघेही आपापल्या जागी गुपचूप राहिलो असतो.

पुढचे मी व्हरांड्यात बसून ऐकले. डॉक्टरांनी गाठीत सुई घातली. आठवड्याने निरोप आला. गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीचा कॅन्सर. टाउन्सव्हिलला ऑपरेशन करावे लागेल. आवाजाची नस त्या गाठीला चिकटून गेली आहे, ती वाचेलच असे सांगता येत नाही. हे ऐकून झारेन मागच्या अंगणात गेला आणि चांगले चालणारे गवत कापायचे यंत्र त्याने पुर्जा पुर्जा करून खोलले.

निघायच्या आदल्या सकाळी स्टेला एकटीच माझ्याकडे आली. तिने छोटा माइक जोडला, खुर्ची पुढे ओढली आणि पुकारायला सुरुवात केली. "एकटा जीव, एक. दोन बदकं, बावीस." एकपासून नव्वदपर्यंत सगळे आकडे, हाउजीतल्या त्यांच्या टोपणनावांसकट. सत्तरीत आवाज फाटला तेव्हा ती थांबली, पाणी प्यायली आणि पुन्हा एकाहत्तरपासून निघाली. नव्वद झाल्यावर म्हणाली, "ठेव रे नीट." एवढी जोखीम माझ्यावर कधी कुणी टाकली नव्हती.

अकरा दिवसांनी गाडी अंगणात आली. मी कान देऊन होतो. आधी कुत्रा भुंकला. मग खोल, घोगऱ्या आवाजात कुणीतरी म्हणाले, "गप रे मेल्या, मीच आहे." तो आवाज मी ओळखला नाही. कुत्र्याने ओळखला.

गाठ पूर्ण निघाली. रोज एक गोळी आणि दर सहा महिन्यांनी तपासणी, एवढ्यावर भागले. पण तो खणखणीत आवाज परत आला नाही. आता ती माइक लावून आकडे पुकारते. "जहाजाचा भोंगा वाजतोय," असे म्हातारे चिडवतात. "मग लवकर चढा, नाहीतर बुडाल," असे ती त्यांना सुनावते. बस चालवणे तिने सोडलेले नाही.

हिवाळ्यात तिने उरलेले काम हाती घेतले. झारेनने फोटो काढला, मी कडेने गेलो. गळ्याची रेघ सरळ खाली उतरली. तिथे आता बोटभर लांब व्रण आहे, पण काळ्या चित्रात व्रण दिसत नाही. ते चित्र बोळात लागले.

मग ती पुन्हा माझ्याकडे आली. फुगवट्याचे चित्र अजून माझ्यात होते. तिने ते उघडले, बराच वेळ पाहिले आणि पुसून टाकायची कळ दाबली. आमच्या जातीला माणसाशी फार थोडे बोलता येते. त्यातला एक प्रश्न मी तिला विचारला: खरंच काढून टाकायचं?

तिचे बोट कळीवर थांबले. पाल चुकचुकली. स्टेला घोगऱ्या आवाजात म्हणाली, "नको. असू दे." आणि तिने "नाही" दाबले.

मित्रांनो, तुम्हीही आपल्या माणसांची चित्रे काढत असाल. डाग पुसत असाल, सुरकुत्या घालवत असाल, कडा गुळगुळीत करत असाल. जरूर करा, त्यात गंमत आहे. पण पुसण्याआधी एकदा खुर्चीवरून उठा आणि ज्याचे चित्र आहे त्या माणसाला जाऊन नीट पाहून या. ते काम आम्हाला येत नाही.