सायकसचं पाणी

मार्चमधल्या एका मंगळवारी पहिल्या पाळीच्या बसनं मी पीथमपूरहून धारला परत येत होतो, तेव्हा सुनेचा, गुंजनचा, फोन आला. "बाबूजी, मम्मी मागे बगीच्यात पडल्यात. उठत नाहीत." मी पोचलो तेव्हा डॉक्टर निघाले होते. इंदू गेली होती.

ती सायकसपाशी पडली होती. मागच्या अंगणात तिनं वीस वर्षं शोभेची झाडं वाढवली. अरेका, बॉटल पाम, पंख्यासारख्या पानांचा एक पाम, आणि मधोमध हा सायकस. मी कारखान्यातला फिटर, मला सगळ्या खजुरीच वाटायच्या. ती चिडायची. "सायकस पाम नाही हो. दिसतो तसा, पण जात वेगळी." मी हो म्हणायचो आणि विसरायचो.

आमच्याकडे माणूस गेलं की त्या जागी तेरा दिवस दिवा आणि पाण्याचा तांब्या ठेवतात. सकाळी ते पाणी कुणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून झाडाला घालतात. माझी थोरली बहीण अक्का म्हणाली, "तिच्या आवडत्या झाडालाच घाल." मी घातलं. तेराव्यानंतर दिवा बंद झाला, पाणी मला बंद करवेना. तांब्याची बादली झाली. एप्रिल, मे, रोज एक बादली. तेवढा वेळ मी इंदूशी बोलायचो.

जूनमध्ये मधली पानं पिवळी पडली. एक ओढलं तर हातात आलं. खोड एका बाजूनं दाबलं की बोट आत जात होतं. मला वाटलं, उन्हानं असेल. त्या दिवशी दोन बादल्या घातल्या.

गुंजननं मात्र फोटो काढले आणि मला देवासला शालिग्रामच्या नर्सरीत पाठवलं. इंदू झाडं त्याच्याकडूनच आणायची. त्यानं फोटो बघितले.

"भिया, पाणी किती देता?"

"रोज एक बादली."

"सायकस आहे की म्हैस?" तो हसला, मग माझ्याकडे बघून थांबला. "ताई महिन्यातून दोनदा देत होत्या. आपली काळी माती पाणी सोडत नाही. बूड सडलंय."

"म्हणजे मी मारलं."

"मेलं नाही अजून. उपटा. सडकं सगळं कापा, पांढरं लागेपर्यंत. बुरशी मारायची पावडर लावून सावलीत सुकू द्या. बुडाशी पिल्लं असतील, ती वेगळी करा. आणि पाणी बिलकुल नाही."

"ते पाणी तिच्यासाठी होतं."

"समजलो, भिया. पण पीत हा होता."

दुसऱ्या दिवशी कुदळ घेतली तर अक्का आडवी आली. "तिचं पाणी जिथं पडलं, तिथलं झाड उपटतोस? लोक काय म्हणतील?"

माझा हात थांबला. गुंजन स्वयंपाकघरातून ओरडली, "आत्याबाई, मम्मी असत्या ना, तर सबसे पहले त्याच कुदळ घेऊन बसल्या असत्या. आणि बाबूजींना शिव्या दिल्या असत्या, वो अलग."

अक्काला हसू आलं. ती बाजूला झाली, आणि थोड्या वेळानं पोतं घेऊन आली, खोड ठेवायला.

खोडाचा तिसरा हिस्सा सडला होता. कारखान्यात गंज खरवडतात तसा मी तो खरवडला, वास नाकात बसला. शेवटी पांढरा भाग लागला. बुडाला कांद्याएवढी पाच पिल्लं होती. ती करवतीनं सोडवली, आठवडाभर सुकवली आणि वाळूच्या कुंड्यांत अर्धी पुरली. रोज सकाळी बादली उचलावीशी वाटायची. मी नुसता कुंड्यांशेजारी बसायचो. बोलणं तसंही होत होतं.

दोन पिल्लं गेली. तीन टणक आहेत. गेल्या आठवड्यात एकाला पान आलं, टोकाशी गुंडाळलेलं. गुंजननं फोटो शालिग्रामला पाठवला. त्यानं उलट विचारलं, "म्हैस कशी आहे?"

मोठं खोड पडवीत पोत्यावर आहे, कोरडं आणि घट्ट. त्याच्यासाठी काळी माती काढून खड्ड्यात मुरूम आणि वाळू भरायची आहे. खड्डा अजून अर्धाच झालाय.