मागचं डावं चाक

धनलक्ष्मीच्या गाडीचं मागचं डावं चाक महिन्यात तिसऱ्यांदा बसलं, आणि तिन्ही वेळा सोमवारीच. सात रस्ता चौकाजवळच्या गॅरेजात मेकॅनिक चांदसाबनं त्यावर साबणाचं पाणी फिरवलं. कुठंच बुडबुडा नाही. मग नेहमीची तपासणी म्हणून बॉनेट उघडून इंजिनाचा पट्टा बोटानं दाबून पाहिला.

“पट्टा झकास हाय, मॅडम. टायरबी चांगलं हाय. हवा आपोआप जात न्हाई की. कुणीतरी सोडतंय.”

तिला एकाच माणसाचा संशय आला. वळसंगच्या शाळेत शिकवायला ती स्वतः गाडी चालवत जाऊ लागली, तेव्हापासून सासरे चन्नप्पा धुसफुसत होते. शिवाय रोज पहाटे गाडी पुसायला तेच जायचे. आज हवा सोडली, उद्या पट्ट्याला ब्लेड लावलं तर? ते “सावकाश जा गं” म्हणाले, तरी तिला त्यात भलतंच काहीतरी ऐकू येई.

पुढच्या सोमवारी पहाटे साडेपाचला ती जिन्याच्या खिडकीशी दबा धरून बसली. चन्नप्पा आले, काचा पुसल्या, बादली उचलून आत पूजेला गेले. चाकाकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. धनलक्ष्मीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती उठणार, तोच दुसरं कुणीतरी बनियनवर बाहेर आलं आणि चाकापाशी उकिडवं बसलं. फुस्स आवाज आला.

तो नंदीश होता. तिचा नवरा. हौसेनं ही गाडी घेऊन देणारा.

ती खाली गेली. “अहो, हे काय चाललंय?”

तो दचकून उठला. “सोमवारी माझं दुकान बंद असतं,” तो पुटपुटला. “गाडी बसली की तू माझ्या स्कूटरवर येतीस. पहिल्यासारखी. तेवढ्याच गप्पा होतात.”

“मग तसं सांगायचं की!”

“सांगितलं असतं तर आली असतीस?”

तिनं डिकी उघडून पंप काढला. राग उतरला नव्हता. “तुमच्यापायी मी मामांवर संशय घेतला,” एवढंच म्हणून तिनं पंप त्याच्या हातात दिला. हवा भरून होईपर्यंत समोर उभी राहिली आणि एकटीच निघून गेली.

संध्याकाळी परत आल्यावर तिनं गाडी बंद केलीच नाही. “मामा, येता का? देवळापर्यंत जाऊन येऊ.”

चन्नप्पा लगबगीनं चपला शोधू लागले. नंदीश दारातच उभा होता. त्याला तिनं बोलावलं नाही.