मंत्र्यांसाठी बांधलेलं छप्पर

कवडूनं छपराचा शेवटचा बंद आवळला, तेव्हा त्याची बायको भागीरथा आत बसून जमीन शेणानं पोतारत होती. चैत्रात त्यांची वस्ती जळली होती. पऱ्हाटीच्या, कापसाच्या वाळल्या काड्यांच्या, गंजीवर ठिणगी पडली आणि घरामागून घर गेलं. तालुक्याचा बंब काही आला नाही. वाटेतल्या वडनेरच्या पुढं रस्ता नाही, गाडी रुतेल, असा ठाणेदारांचा निरोप तेवढा आला. तेव्हापासून लेकरं चिंचेखाली निजत होती आणि पावसाळा तोंडावर आला होता.

मग एक शिपाई येऊन सांगून गेला. गृहमंत्री दौलतरावजी येणार आहेत. पोलीस काय नि बंब काय, सगळं त्यांच्याच हाताखाली. गावाबाहेरच्या मैदानात एक चांगली झोपडी उभी करा. कशासाठी, ते त्यानं सांगितलं नाही नि कोणी विचारलं नाही. वस्तीला वाटलं, जळलेल्यांना आता इथंच घरं मिळणार, आणि पहिलं घर पाहायला मंत्री स्वतः येत असणार. गेल्या दसऱ्याला नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून कवडूनं पाटलाची वेठ सोडली होती. हे काम मात्र त्यानं हौसेनं धरलं. आगीतून वाचलेल्या लाकडी बल्ल्या वस्तीनं काढून दिल्या, बायांनी रानातून गवत आणलं. हात आखडून बांधणं कवडूला ठाऊकच नव्हतं. गवत असं रचलं की सुईएवढं ऊन आत येईना. पोतारता पोतारता भागीरथेच्या तोंडी ओवी आपसूक आली :

नव्या गं छपराची सावली गार गार,
निजलं माझं लेकरू, उन्हा, थांब दारापार.

मंत्र्यांच्या दिवशी सकाळीच लालभडक बंब आला. चार दिवसांत मुरूम टाकून रस्ता झाला होता. बंबामागून दोन शिपायांनी राकेलचा डबा आणून झोपडीशी ठेवला. हे कशाले, असं भागीरथेनं विचारलं, तर त्यातला एक हसला. झोपडी पेटवायची, बंबानं ती विझवायची आणि मंत्रीसाहेबांनी पाहायची, असं त्यानं सांगितलं.

भागीरथा आत गेली आणि ओल्या जमिनीवर मांडी घालून बसली.

ठाणेदार प्रभाकरराव आले. आधी बाई म्हणाले, मग अगे म्हणाले, मग तुरुंगाचं नाव काढलं. ती हलेना. शेवटी त्यांनी कवडूला पुढं ढकललं. तो दारातून हळूच म्हणाला, "चाल न वं. मोठे लोक हायेत."

"तुमी बांधलं, मी पोतारलं. एक घर जळताना पाह्यलं. दुसरं काऊन पाहू?"

कवडूही आत जाऊन तिच्याशेजारी बसला.

तेवढ्यात मंत्र्यांची मोटर आली. ठाणेदारांनी घाईघाईनं त्यांच्या कानाशी सांगितलं, बाई जरा भ्रमिष्ट आहे. मंत्री दारापाशी वाकले आणि गोड आवाजात समजावू लागले, की हे प्रात्यक्षिक आहे, आगीशी कसं लढायचं ते लोकांना कळलं पाहिजे.

"आमाले कळते, साहेब," भागीरथा म्हणाली. "आमी घागरींनं लढलो. तवा तुमचा बंब रस्ता नाई म्हणून आला नाई. आज खोटी आग पाहाले रस्ता झाला. मंग खऱ्या आगीचा मंत्री कोण हाय?"

मंत्र्यांनी मागं जमलेल्या लोकांकडे पाहिलं. मग चेहऱ्यावर हसू आणून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "जा बाई, ही झोपडी तुला दिली."

पाटलानं टाळ्या सुरू केल्या. इतका वेळ आवरलेला संताप त्या टाळ्यांनी भागीरथेच्या मस्तकात गेला. ती उठून बाहेर आली, मागून कवडूही आला.

"देली? बल्ल्या आमच्या, गवत आमचं, हात याईचे. तुमी फक्त राकेल आनलं होतं."

टाळ्या विझल्या. तिनं वस्तीकडे तोंड करून हाक दिली. माणसं आली, बाया आल्या, पदर खोचले गेले. कवडूनं खांबांचे बंद सोडले आणि अख्खं छप्पर वीस खांद्यांवर चढलं. ठाणेदार आडवे आले, मंत्र्यांकडे पाहिलं, तिकडून काहीच इशारा नाही म्हणून बाजूला झाले. छप्पर डुलत डुलत जळक्या भिंतींच्या वाटेला लागलं.

कवडू बल्ल्या उपटायला मागं राहिला. मंत्री अजून तिथंच, एका खांबाला हात टेकून उभे होते.

"साहेब, थोडे सरकता काय?" तो म्हणाला. "खांब काढाचा हाय."