सुकलेल्या फळांची फळी

बाबांच्या दुकानात ‘सुकलेलं’ ही शिवीच होती. फळवाल्याचं फळ सुकलं की त्याचं नाक कापलं गेलं, असा त्यांचा हिशोब. त्यामुळे कमरेला पाण्याचा फवारा कायम लटकलेला आणि येता-जाता फळांवर फुसफुस चालू. अशा माणसाच्या पोटी भिंगरी जन्मली! घरात तिला सगळे भिंगरीच म्हणत, कारण ती एका जागी ठरतच नसे. डाग पडला म्हणून टोपलीभर सफरचंदं रोज कचऱ्यात जात, ते तिला बघवेना. एक दिवस तिनं जाहीर केलं, डाग कापून टाकणार, उरलेलं सुकवणार आणि डबा गल्ल्याशेजारच्या फळीवर मांडणार.

बाबा आधी हसले. ताजं विकणाऱ्याच्या दुकानात सुरकुतलेलं ठेवलं तर गिऱ्हाईक तोंडात शेण घालेल, म्हणाले. ही हटेना, तेव्हा अट घातली. रविवार संध्याकाळपर्यंत एक डबा नीट सुकवून दाखव, फळी तुझी. नाही जमलं, तर पुन्हा विषय काढायचा नाही.

भिंगरीनं कंबर कसली. शाळेतून आली की दप्तर एकीकडे, मोजे दुसरीकडे आणि ही सुरी घेऊन बसलेली. चकत्या इतक्या पातळ की आई म्हणाली, यातून पेपर वाचता येईल. लिंबाच्या पाण्यात बुडवून, निथळून, तिनं त्या गच्चीत जाळीवर पसरल्या, वर पातळ कापड घातलं. ऊन तर रणरणतं. तरी रोज शाळेतून येऊन बघावं तर चकत्या ओल्याच, आणि मग कडेला बुरशीचा ठिपका. आई म्हणाली, बयो, नाद सोड आता. भिंगरीनं जाळी खसाखसा घासली आणि नव्या चकत्या कापायला घेतल्या.

शनिवारी शाळेला सुट्टी. ती पाण्याच्या टाकीच्या सावलीत पुस्तक घेऊन राखणीला बसली. दुपारी बाबा ओलं गोणपाट वाळत घालायला वर आले. ते तारेवर टाकलं, जाळीपाशी थांबले, कापड उचललं आणि गुणगुणत, अगदी प्रेमानं, फुसफुस.

“बाबा, काय करताय?”

बाबांनी हातातल्या फवाऱ्याकडे असं पाहिलं, जणू तो शेजाऱ्याचा होता. “अगं, कोमेजायला लागली होती बिचारी.”

भिंगरीला आधी हसू फुटलं, मग राग आला. तिनं फवारा सरळ काढून घेतला. “कोमेजू देत. त्यासाठीच ठेवलीत. उद्या संध्याकाळपर्यंत हा माझ्याकडे.”

“आणि दुकान?”

“राहील एक दिवस तहानलेलं. मरत नाही.”

एकेक चकती पुसून तिनं पालथी घातली. रविवारी संध्याकाळी त्यातली एक बाबांसमोर दुमडली. मोडली नाही, ओलही सुटली नाही. बाबांनी ती खाल्ली. मग आणखी एक. तिसरीला हात गेला तेव्हा तिनं डबा मागे ओढला.

बाबांनी फळीवरची द्राक्षं मुकाट्यानं खाली घेतली.

सकाळी शाळेत जाताना तिनं फवारा परत केला, डब्याचं झाकण मात्र दोनदा आवळलं. बाबांच्या हाताचा काय भरवसा. डब्यावर तिनं ठळक अक्षरांत चिठ्ठी चिकटवली होती, पार रस्त्यावरून वाचता येईल अशी:

सुकलेलं. मुद्दाम.