चेहऱ्याची डावी बाजू

शाळा सोडल्यापासून पोरगी बाबांच्या स्टुडिओत ब्रश धुवायची. डोकं सारखं तापलेलं, म्हणून घरात सगळे तिला ठिणगीच म्हणायचे. बाबा फोटोवरून लोकांचे चेहरे रंगवायचे, पण तिला चेहऱ्याला हात लावू द्यायचे नाहीत. "तू चेहऱ्यामागची भिंत रंगव. चेहरा म्हणजे पोरखेळ नाही."

आणि एक दिवस बाबांनी एका बाईंच्या चित्राची डावी बाजू कोरीच सोडली. एक डोळा, अर्धं नाक, अर्धे ओठ. "झालं," म्हणाले आणि उठले.

ठिणगी हरखली. तोंडानं कबूल करणार नाहीत, पण उरलेलं माझ्यासाठीच ठेवलंय. तिनं जीव ओतून ती बाजू पुरी केली. बाबा चकार शब्द बोलले नाहीत. त्यांचं गप्प राहणं म्हणजेच शाबासकी, हे तिला ठाऊक होतं. मग प्रत्येक चेहऱ्याची डावी बाजू तिची झाली.

दोन महिन्यांनी बाबा डावीकडच्या दारावर धाडकन आदळले.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलं. बाबांनी उजवीकडचे बारा ते सहा एवढेच आकडे लिहिले आणि कागद परत दिला.

"डोळे चांगले आहेत. मेंदूला झटका आलेला दिसतोय," बाई आईला म्हणाल्या. "डावीकडचं जग त्यांच्या लेखी उरलेलंच नाही, आणि ते उरलं नाही हेही त्यांना कळत नाही. कधीपासून? आजचा झटका असेल तर एक औषध देता येईल. जुना असेल तर तेच जिवावर बेतेल."

"आजचाच," आई म्हणाली. "कालपर्यंत अख्खे चेहरे रंगवत होते हो."

ठिणगी पुढे आली.

"दोन महिने झाले," ती म्हणाली. "डावी बाजू मी रंगवत होते. वाटलं, माझ्यासाठी सोडतात."

आईनं नुसतं तिच्याकडे बघितलं. त्यापेक्षा एक थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं.

"आता ते औषध नको. डावीकडे बघायचा सराव करून घेऊ," बाई हळूच म्हणाल्या. "लवकर आला असतात तर..."

ठिणगीनं मोबाइलवर शेवटचं चित्र दाखवलं. "ठीक आहे की," बाबा म्हणाले. डॉक्टरीणबाईंनी मोबाइल खालचा वर असा फिरवला, तशी चेहऱ्याची डावी बाजू बाबांच्या उजवीकडे आली. बाबांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"हा डोळा कोणी काढला? पापणी जड झालीय."

"मी, बाबा."

"मग मला विचारायचंस की, ठिणगे."

दोन महिन्यांत तेवढंच तिनं केलं नव्हतं.